कमी चालणाऱ्या गाडीला कोणते टायर घ्यावेत? हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन टायरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सकाळी मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत गाडी, तिथून न्यूयॉर्कला ट्रेन. शनिवारी ओक ट्री रोडवर भाजी आणि किराणा, रविवारी मुलीचा कथकचा क्लास. माझी २०१५ ची फोक्सवॅगन जीटीआय वर्षाला जेमतेम साडेतीन हजार मैल चालते, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. ओळखीतल्या बऱ्याच घरांत अशी एक गाडी आहे: चांगली, वेगवान, हौसेने घेतलेली आणि बहुतेक वेळ उभी. टायर बदलायची वेळ आली की मित्रमंडळी मला फोन करतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

गाडी कमी चालते, मग टायरची निवड वेगळी कशासाठी?

कारण तुमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होणार आहेत. हिशोब करून बघा. वर्षाला साडेतीन हजार मैल धरले तर सहा वर्षांत एकवीस हजार मैल होतात. दुकानदार ज्या पन्नास हजार मैलांच्या वॉरंटीचं कौतुक सांगतो, ते मैल पुरे व्हायला तुम्हाला चौदा वर्षं लागतील. शिवाय मिशलिन, कॉन्टिनेंटलसारख्या कंपन्यांच्या या वॉरंटीला मैलांबरोबर वर्षांचीही मुदत असते, खरेदीपासून सहा वर्षं. म्हणजे अर्धी वॉरंटी तुम्ही वापरणारच नाही.

माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. जास्त मैल टिकण्यासाठी पैसे मोजू नका, पकडीसाठी मोजा. रोज ऐंशी मैल जाणाऱ्या माणसाला टायर किती टिकेल याची चिंता करावी लागते, कारण त्याचे टायर तीन वर्षांत संपतात. ती चिंता तुम्हाला नाही. मग ओल्या रस्त्यावर जो टायर गाडी लवकर थांबवतो तो घ्यायला काय हरकत आहे? प्रत्येक टायरमागे पन्नास डॉलर जास्त गेले, तरी चारांचे दोनशे, आणि ते सहा वर्षांत वाटले तर वर्षाला तेहतीस डॉलर. एवढ्या पैशात याहून उपयोगी वस्तू गाडीला लावता येत नाही.

हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतली दुकानं टायरची विभागणी करून विकतात. ग्रँड टूरिंग म्हणजे मऊ चाल, कमी आवाज, भरपूर मैल. समर म्हणजे उन्हाळ्यातली सर्वात घट्ट पकड. या दोन्हींच्या मध्ये हाय-परफॉर्मन्स आणि अल्ट्रा-हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन बसतात. स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते, पावसात ब्रेक चांगले लागतात, आणि थंडीत रबर दगडासारखं होत नाही. बर्फात मात्र ते कसेबसे निभावतात. ते बर्फाचे टायर आहेत असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

गाडी एवढी कमी चालते, तर थेट समर टायरच का नको?

टेक्सासच्या दक्षिणेला किंवा मायामीत राहत असाल तर जरूर घ्या. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो इथे नको. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड कमी होते. उणे ७ च्या आसपास किंवा त्याखाली तर नुसती गाडी हलवली तरी नक्षीला तडे जाऊ शकतात, आणि कंपन्या ते वॉरंटीत धरत नाहीत. गॅरेज नसलेल्या घरासमोर जानेवारीत रात्रभर गाडी उभी राहत असेल तर हा धोका कशाला घ्यायचा?

नक्षी भरपूर शिल्लक आहे. मग टायर का बदलायचे?

हा प्रश्न मीसुद्धा बरीच वर्षं स्वतःला विचारत होतो, आणि उत्तर सोयीचं घेत होतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. गाडीवर कंपनीचेच आठ वर्षांचे टायर होते. आई पुण्याहून आली होती, मागच्या सीटवर बसली होती. २८७ हायवेवरून उतरणाऱ्या रॅम्पवर नुकताच पाऊस सुरू झाला होता. रोजचाच रॅम्प आणि रोजचाच वेग. वळणाच्या मध्यावर पुढचा सिग्नल लाल दिसला, ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीचं नाक सरळच जात राहिलं. स्टिअरिंग वळलेलं, गाडी सरळ. एबीएसची, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर पायाला लागत होती. कठड्यापासून हातभर अंतरावर पकड आली. आईने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नक्षीची खोली मोजली. पाच बत्तिसांश इंच, म्हणजे चार मिलिमीटर. कायद्याची मर्यादा बहुतेक राज्यांत दोन बत्तिसांश, म्हणजे १.६ मिलिमीटर. कागदावर टायर उत्तम होते. मग गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात नीट पाहिलं. नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि रिमजवळच्या कडेला बारीक रेघा होत्या, हिवाळ्यात टाचांना भेगा पडतात तशा. अंगठ्याने दाबलं तर रबर जराही दबत नव्हतं.

रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने जुनं होतं, आणि उष्णतेने ते लवकर होतं. त्यावर उपाय म्हणून टायरच्या रबरात संरक्षक मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. गाडी चालते तेव्हा टायर सतत दबतो, फुलतो, आणि त्या हालचालीने हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीच्या टायरला ही मालिश मिळत नाही. म्हणून कमी चालणारी गाडी टायरच्या दृष्टीने सुखात असते हा आपला समज चुकीचा आहे. नक्षी वाचते, पण रबर आतून विटत जातं.

गोटा झालेला टायर डोळ्यांना दिसतो, म्हातारा झालेला दिसत नाही. मला तो आईला गाडीत बसवून कळला.

टायरचं वय कसं ओळखायचं?

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी (अमेरिकेचं परिवहन खातं) या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला, म्हणजे जूनमध्ये. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, त्यावर गाडी चालवूच नका.

पूर्ण क्रमांक बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू नेमकी आत आलेली असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांचा फोटो मोबाइलने काढता येतो. मागच्या चाकांसाठी खाली आडवं व्हावं लागतं. जुनी चटई घ्या आणि व्हाच. चारही टायर वेगवेगळ्या तारखांचे निघतात असं मी अनेकदा पाहिलं आहे, विशेषतः दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीत.

मग किती वर्षांनी बदलायचे?

अनेक कार कंपन्या सहा वर्षं सांगतात. मिशलिन म्हणते की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. मी स्वतः सातव्या वर्षाच्या पुढे जात नाही. गाडी उघड्यावर, उन्हात उभी राहत असेल तर सहाच. फिनिक्स किंवा ह्यूस्टनला असाल तर सहाव्या वर्षाची वाटसुद्धा डोळे उघडे ठेवून बघा, उष्ण प्रदेशात टायर लवकर म्हातारे होतात.

२२५/४० आर १८ ९२ वाय म्हणजे काय?

माझ्या गाडीचा हा आकार. २२५ मिलिमीटर रुंदी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, रेडियल बांधणी, १८ इंची रिम. ९२ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ६३० किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०.

एवढा वेग कोण चालवतो, असं विचारून काही जण स्वस्तातला खालचा टायर मागतात. वेगाचं अक्षर टायर उष्णता किती सोसतो हे सांगतं, आणि साधारणपणे वरच्या अक्षराचा टायर वळणावर जास्त ठाम असतो. गाडीच्या माहितीपुस्तकात आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जे लिहिलं आहे त्याच्या खाली जाऊ नका. वजनाच्या आकड्याच्या तर कधीच नाही.

ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर चांगला ना?

जास्त टिकाऊ, एवढंच. आणि तेही अंदाजाने. अमेरिकेत टायरला सरकारी नियमानुसार तीन ग्रेड असतात: झीज (हाच ट्रेडवेअर), पकड, उष्णता. झिजेची चाचणी टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर ७,२०० मैल गाड्या चालवून होते आणि प्रमाण टायरला १०० धरून तुलना करतात. पण शेवटचा आकडा कंपनी स्वतः ठरवते, म्हणून एका कंपनीचे ५०० आणि दुसरीचे ५०० सारखे असतीलच असं नाही.

पकडीचा ग्रेड एए, ए, बी, सी असा असतो. तो फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत घसरणारं चाक किती धरतं ते मोजतो, वळणाचं काही सांगत नाही. तरीही कमी चालणाऱ्या गाडीला मी एएच्या खाली घेत नाही. झिजेचा आकडा मी शेवटी बघतो, किंवा बघतच नाही.

नाव सांगा. नेमका कोणता घेऊ?

दोन सांगतो, दोन्ही मी नीट अभ्यासले आहेत. मिशलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४, २०२० मध्ये आला. ट्रेडवेअर ५४०, पकड एए, वॉरंटी ४५ हजार मैल. आणि कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस, २०२१ चा. ट्रेडवेअर ५६०, पकड एए, वॉरंटी ५० हजार मैल.

मी कॉन्टिनेंटल घेतले. एक कारण किंमत, माझ्या आकारात ते मिशलिनपेक्षा स्वस्त पडले. दुसरं कारण त्यांच्या नक्षीत कोरलेली डी, डब्ल्यू, एस ही तीन अक्षरं. एस म्हणजे बर्फ, डब्ल्यू म्हणजे ओला रस्ता, डी म्हणजे कोरडा. टायर झिजतो तसं आधी एस पुसलं जातं, म्हणजे आता बर्फात नेऊ नका. मग डब्ल्यू. माझी मुलगी दर महिन्याला खाली वाकून तिन्ही अक्षरं आहेत का बघते, मापक लागत नाही. (ही अक्षरं झीज सांगतात, वय नाही. वय आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.)

हातात पैसे असतील आणि गाडी जोरात वळवायची हौस असेल तर मिशलिन घ्या. आणि तुमची गाडी साधी कॅमरी असेल, चालवणाऱ्याला मऊ चाल हवी असेल, तर यातलं काहीच नको. चांगला ग्रँड टूरिंग पुरेसा आहे.

बर्फात चालतील का?

साइडवॉलवर एम अधिक एस लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. हा शिक्का नक्षीच्या रचनेवरून मिळतो, त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल तर तो टायर दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे. वर सांगितलेल्या दोन्ही टायरवर हे चित्र नाही.

माझा मार्ग सोपा आहे. बर्फ पडला की मी घरून काम करतो, रस्ते साफ झाले की निघतो. ज्यांना डॉक्टर, नर्स म्हणून कसंही जावंच लागतं त्यांनी एकतर खरे विंटर टायर वेगळ्या रिमवर ठेवावेत, किंवा मिशलिन क्रॉसक्लायमेट २ सारखा ते चित्र असलेला टायर घ्यावा आणि वळणावरची थोडी मजा सोडावी. मॉन्ट्रियलच्या मंडळींना तर पर्यायच नाही. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते चित्र असलेले टायर कायद्याने लागतात, नुसतं एम अधिक एस चालत नाही.

दोनच टायर बदलले तर?

कमी चालणाऱ्या गाडीत चारही एका वयाचे असतात, तेव्हा चारही बदला. पंक्चरमुळे दोनच घ्यावे लागले तर नवे मागच्या चाकांना लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागची पकड सुटली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ती सावरणं बहुतेकांना जमत नाही. सुबारूसारखी चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

आम्ही डिसेंबरात पाच आठवडे भारतात जातो. परत आल्यावर गाडी धडधडते. टायर गेले का?

बहुधा नाही. गाडी एकाच जागी उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. हाय-परफॉर्मन्स टायरच्या नक्षीखाली नायलॉनचे पट्टे असतात आणि साइडवॉल बुटकी असते, त्यामुळे त्यांना हे जास्त जाणवतं, आणि थंडीत आणखी. विमानतळावरून घरी येऊन दुसऱ्या दिवशी गाडी काढली की स्टिअरिंग थरथरतं, कोणीतरी खालून ठोकतंय असं वाटतं. दहा-वीस मैल गेल्यावर रबर तापतं आणि थरथर जाते. गेली नाही तर दुकानात दाखवा.

जाण्याआधी हवा पूर्ण भरा. थोडी जास्त भरली तरी चालेल, मात्र साइडवॉलवरच्या कमाल आकड्याच्या आत, आणि परत आल्यावर ती उतरवा. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जाता येत असेल तर दर आठवड्याला वीस मिनिटं फिरवून आणायला सांगा. पोहे करून घाला त्याला, काम मोठं आहे.

हवा किती आणि केव्हा?

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे तेवढी. साइडवॉलवरचा आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीची योग्य हवा नव्हे. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचं एकक) हवा आपोआप जाते, आणि तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की आणखी एक. सप्टेंबरात ७० अंशांवर भरलेली हवा जानेवारीत २० अंशांवर पाच पीएसआयने कमी झालेली असते, गळती वेगळीच. डॅशबोर्डवरचा दिवा पेटेल म्हणून थांबू नका. हवा ठरलेल्या दाबापेक्षा पाव हिस्सा कमी झाली की पेटावा, एवढाच नियम आहे. ३६ ची हवा २७ होईपर्यंत तो गप्प बसू शकतो. महिन्यातून एकदा सकाळी, गाडी काढण्याआधी, स्वतःच्या गेजने तपासा.

टायरला चमक आणणारं पॉलिश लावू का?

साबण आणि पाणी पुरे. पेट्रोलियमवर आधारलेली पॉलिशं पृष्ठभागावर आलेलं संरक्षक मेण काढतात. टायरवर तपकिरी छटा दिसते ती आतल्या संरक्षक रसायनांचीच असते. दिसायला बरी नाही, पण टायरची काळजी तीच घेत असते.

पुण्यात आई-बाबांची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते. त्यांनाही ऑल-सीझन घेऊ का?

त्या नावाच्या मागे लागू नका. पुण्यात दिवसा गाडी काढताना ७ अंश कुठे असतात? तिथे बघायचं ते ओल्या रस्त्यावरची पकड आणि बनल्याचा आठवडा. आठवडा-वर्षाचे चार आकडे तिथल्या टायरवरही असतात, आणि नक्षीची मर्यादा तिथेही १.६ मिलिमीटरच आहे. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीच्या टायरचं वय लवकर वाढतं. बाबा म्हणतील, "अरे, टायर अजून नवेच आहेत, नक्षी बघ." माझेही म्हणाले. त्यांना व्हिडिओ कॉलवर क्रमांक वाचायला लावला, टायर नऊ वर्षांचे निघाले. पावसाळ्याआधी बदलून घेतले.

दुकानात टायर बसवताना काय बघायचं?

गाडीला लावण्याआधी चारही टायरची तारीख. मला एका दुकानात नवे म्हणून तीन वर्षांपूर्वी बनलेले टायर दाखवले होते, बसवून झाल्यावर बोलून उपयोग नव्हता. वर्षाला तीस हजार मैल जाणाऱ्याला तीन वर्षांचा साठा चालून जाईल. आपली निम्मी मुदत तिथेच संपते. सहा महिन्यांच्या आतले मागा, फोनवरच सांगून ठेवा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि डीओटी क्रमांकाची नोंदणी करा, म्हणजे कंपनीने टायर परत बोलावले तर तुम्हाला कळेल.

नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा तेलकट थर असतो, म्हणून पहिले पाचशे मैल सांभाळून चालवा. आपल्यासाठी पाचशे मैल म्हणजे सात-आठ आठवडे. ऑक्टोबरात बसवले तर पहिला बर्फ पडेपर्यंत टायर तयार असतात.

स्टेपनीचं काय?

तिला सगळे विसरतात. माझ्या डिकीतलं छोटं चाक २०१५ चंच होतं, एकदाही वापरलेलं नाही, आणि वय मात्र बाकीच्यांएवढंच. या छोट्या चाकांत बहुधा ६० पीएसआय हवा लागते. माझ्यात २२ निघाली.